मुलगी शंभरला १२.३ धावते, ज्युनिअर वर्ल्ड किती लांब?

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक अकरावीत, जन्म २००९ चा, राहणं खटाव तालुक्यात. शंभरला १२.३, दोनशेला २५.४ टायमिंग आणि शालेय राज्य स्पर्धेत तिसरा नंबर. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: ज्युनिअर वर्ल्डच्या, म्हणजे २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेच्या, शंभर मीटरला उतरायचं तर अजून किती कमी करावं लागेल, आणि त्यासाठी तिला आत्ताच कॉलेज सोडवून पुण्याच्या अकादमीत ठेवावं का.

मी स्वतः चारशे मीटर धावायचे आणि गेली तेवीस वर्षं मुलींना स्प्रिंट शिकवते. त्या अनुभवावरून सांगते, खरा प्रश्न सेकंदांचा नाही. तो असा आहे की तिची शर्यत कोणती, आणि १९ व्या वर्षापर्यंत ती धडधाकट, हौसेनं धावत राहील अशी व्यवस्था आपण करतोय का. तरी आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण त्यातच पहिली गफलत आहे.

हे १२.३ कोणी घेतलं? स्टॉपवॉचवर घेतलं असेल तर ते १२.३ नाही. टायमर सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर बघतो आणि मग त्याचा अंगठा दाबला जातो, तेवढा उशीर सुरुवातीलाच होतो. शेवटच्या रेषेवर मात्र मुलगी येताना दिसत असते, तिथे अंगठा उशीर करत नाही. म्हणून शंभर आणि दोनशेच्या हँड टायमिंगमध्ये ०.२४ सेकंद मिळवायची जुनी पद्धत आहे, चारशेला ०.१४. म्हणजे तुमच्या मुलीचं खरं टायमिंग साधारण १२.५४ आणि २५.६४ धरा. वारा पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रमासाठी किंवा पात्रतेसाठी ते टायमिंग धरतच नाहीत, आणि जिल्ह्याच्या मैदानावर वारा मोजणारं यंत्र सहसा नसतं. हे सांगून तिला कमी लेखायचं नाहीये. सोळाव्या वर्षी मुरमावर सराव करून हे टायमिंग काढणारी पोरगी नक्कीच चांगली आहे. पण हिशेब खऱ्या आकड्यावर करायचा.

आता समोरचं चित्र बघा. २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत मुलींच्या शंभरचं सुवर्ण २०१८ ला फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे ११.१६ ला गेलं, २०२१ ला नैरोबीत ११.०९ ला आणि २०२२ ला कोलंबियातल्या कालीमध्ये १०.९५ ला. तिन्ही वेळा जमैकाची मुलगी. टाम्पेरेची विजेती ब्रियाना विल्यम्स तेव्हा १६ वर्षांची होती. दुती चंदनं २०२१ मध्ये पतियाळ्यात केलेला राष्ट्रीय विक्रम ११.१७ आहे, म्हणजे आपल्या मोठ्या बायकांचा विक्रम त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या धावेपेक्षा शतांश सेकंदानं मागे. जमैकात 'चँप्स' नावाची शाळांची स्पर्धा १९१० पासून चालते, स्टेडियम भरून लोक बघायला येतात. तिथल्या मुली बारा-तेराव्या वर्षापासून इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर हीट, सेमीफायनल, फायनल खेळतात. आपल्या मुलीला असली शर्यत बऱ्याचदा राज्य पातळीवर पोचल्यावर पहिल्यांदा मिळते.

याच तीन स्पर्धांमधलं चारशेचं सुवर्ण बघा: ५१.४६, ५१.५५, ५१.५०. आकडा जागच्या जागी आहे, आणि त्यातलं पहिलं ५१.४६ आपल्या हिमा दासचं. जागतिक पातळीवर ट्रॅकवर धावून मिळालेलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. कालीमध्ये उत्तर प्रदेशच्या रूपल चौधरीनं ५१.८५ ला कांस्य घेतलं. शिवाय मिश्र चार बाय चारशे रिलेत भारताला नैरोबीत कांस्य आणि कालीत रौप्य मिळालं. शंभरमध्ये एका देशाच्या दोनच मुली उतरू शकतात. चारशेच्या मुलीला वैयक्तिक शर्यत आहे, मुलींची रिले आहे, मिश्र रिले आहे आणि राखीव जागाही आहेत. दारं जास्त आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की तुमच्या मुलीचा रस्ता बहुधा दोनशेतून चारशेकडे जातो. 'बहुधा' म्हणते, कारण तिला धावताना मी पाहिलेलं नाही. माझा अंदाज करायचा साधा हिशेब असा: दोनशेचं खरं टायमिंग दुप्पट करायचं आणि त्यात साडेचार सेकंद मिळवायचे. तिचं ५६ च्या आसपास येतं, अर्थात वर्षभर नीट तयारी झाल्यावर. ५६ वरून तीन वर्षांत ५३ पर्यंत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कमी पाहिल्या आहेत, पण पाहिल्या आहेत. शंभरात १२.५ वरून ११.५ वर आलेली एकही मुलगी माझ्या हातून गेलेली नाही. सर्वोच्च वेग बराचसा जन्माचा असतो, सरावानं थोडा वाढतो. तो वेग टिकवायची ताकद मात्र शिकवता येते.

हिमाचीच गोष्ट घ्या. आसाममधल्या धिंग गावची, भाताच्या शेतावरची मुलगी, आधी मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. जुलै २०१७ मध्ये नैरोबीला १८ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ती दोनशे मीटर धावली, पाचवी आली. पुढच्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती चारशेत सहावी होती, ५१.३२. आणि जुलैमध्ये टाम्पेरे. वर्षभरात शर्यत बदलली, कारण दोनशेचा वेग अंगात होता आणि तो लांबवायचा होता. आधी वेग, मग लांबी. हा क्रम उलटा केला तर मुलगी चारशेत ५८ वर अडकून बसते.

टाम्पेरेची ती फायनल मी पोरींना अजूनही दाखवते. शेवटच्या वळणावरून सरळ रेषेत येताना हिमा पहिल्या तिघींत नाही. मग एकेक करून ती पुढे निघते. मुली म्हणतात, "मॅडम, शेवटी कसला स्पीड वाढवला तिनं!" मी व्हिडिओ थांबवून सांगते, वाढवला नाही. चारशेच्या शेवटच्या शंभरात कोणाचाच वेग वाढत नाही, सगळ्यांचा पडतो. तिचा सर्वांत कमी पडला. रुमानियाची मुलगी ५२.०७ ला दुसरी आली, अमेरिकेची ५२.२८ ला तिसरी. आणि आणखी एक गोष्ट बघा. १० जुलैला हीटमध्ये हिमा ५२.२५ धावली, ११ ला सेमीफायनलमध्ये ५२.१०, १२ ला फायनलमध्ये ५१.४६. तीन दिवसांत तीन शर्यती आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा वेगवान. रूपलनं तर कालीमध्ये तीन दिवसांत चारदा चारशे मीटर काढले. ज्युनिअर वर्ल्डची परीक्षा ही आहे. एकदा जीव तोडून चांगलं टायमिंग काढणाऱ्या मुली पुष्कळ भेटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तेच पुन्हा काढणाऱ्या फार थोड्या.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पंधरा वर्षांची मुलगी होती, तुमच्या लेकीसारखीच. एका स्पर्धेत मी तिला शंभर, दोनशे, लांब उडी आणि रिले अशा चार ठिकाणी उतरवलं. सर्टिफिकेटं मिळतील, ग्रेस मार्क मिळतील, असं घरच्यांना वाटत होतं आणि मलाही. दोन दिवसांत तिच्या नऊ फेऱ्या झाल्या. शेवटच्या रिलेत बॅटन घेऊन वळणावर निघाली आणि डाव्या मांडीला मागून हात लावून बसली. हॅमस्ट्रिंग फाटलं होतं. आठ महिन्यांनी ती परत धावायला लागली, पण त्या पायावर तिचा भरवसा बसला नाही तो नाहीच. दोष पूर्णपणे माझा होता. तेव्हापासून अठरा वर्षांखालच्या मुलीला मी एका स्पर्धेत दोन वैयक्तिक शर्यतींच्या वर उतरवत नाही, मग शाळेचे सर कितीही आग्रह करोत.

सरावाचं म्हणाल तर तुमच्या भागात बहुतेक मुली पोलीस भरतीच्या मुलींबरोबर पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. तुमची लेकही पळत असेल तर ते आधी बंद करा. भरतीला मुलींना आठशे मीटर काढायचे असतात, त्यांचा सराव त्यांच्या जागी ठीक आहे. स्प्रिंटच्या मुलीची पोटरी आणि नडगी त्या डांबरावर खराब होते आणि पाय संथ पळायला शिकतात. सोळाव्या वर्षी आठवड्यात तीन दिवस नुसत्या वेगाचे हवेत. तीस मीटर, चाळीस मीटर, पूर्ण जोर लावून, आणि दोन धावांमध्ये दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. तीस मीटर पळाली की तीन मिनिटं थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं पोरगी नुसती उभी आहे. उभी राहू द्या. दमलेल्या पायानं वेग वाढत नाही. एक दिवस चढावर, एक दिवस दीडशे-दोनशेच्या तीन-चार लांब धावा. चारशे पूर्ण महिन्यातून एकदाच.

सिंथेटिक ट्रॅक नाही याची खंत तुम्ही लिहिली आहे. स्पर्धेआधी चार-सहा वेळा बालेवाडीला किंवा सणस मैदानावर नेऊन आणा, स्पाइक्सची सवय झाली पाहिजे. पण मुरमाला कमी समजू नका. संध्याकाळी मुरमावर पाणी मारून घ्या आणि तिला स्टार्टिंग ब्लॉकमधून दहा वेळा काढा. प्रत्येक वेळी मागे जाऊन पहिल्या सात पावलांच्या खुणा बघा. खुणांमधलं अंतर पावलागणिक थोडं थोडं वाढत गेलं पाहिजे. तिसरं पाऊल दुसऱ्यापेक्षा आखूड पडलं असेल तर समजा, मान लवकर वर केली आणि ती उभी राहून गेली. खुणेच्या मागे बोटभर लांब ओरखडा दिसला तर पाऊल घासतंय, तोवर ठीक. टाचेचा ठसा दिसला तर मात्र काम आहे. सिंथेटिकवर यातलं काही उमटत नाही. मी आजही नवीन मुलीला आधी मुरमावरच बघते.

आता त्या गोष्टीबद्दल, जी तुम्ही विचारलेली नाही आणि वडील सहसा विचारत नाहीत. हा परिच्छेद तिच्या आईला वाचायला द्या. तिची पाळी दर महिन्याला येते का? सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं की मुलींची पाळी लांबते, कधी थांबते. पोरी आणि त्यांच्या आया म्हणतात, "बरं झालं, स्पर्धेत कटकट नको." हे बरं नसतं. शरीराला लागणारं अन्न मिळत नाहीये याची ती खूण असते. पुढे त्याच मुलीच्या नडगीचं हाड बारीक तडकतं आणि वर्ष वाया जातं. तीन महिने पाळी आली नाही तर स्पर्धा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. माझ्याकडे प्रत्येक मुलीची वही असते, त्यात ती स्वतः तारखेवर लाल टिंब करते. सुरुवातीला लाजतात, महिन्याभरात सवय होते. शिवाय वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेली मुलगी चारशेच्या शेवटच्या शंभरात गळणारच, तिला आळशी म्हणून ओरडणं हा अन्याय आहे. मी तो केलेला आहे, म्हणून सांगते. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून. दोन अंडी, शेंगदाणे, खजूर, दूध. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. डब्यातल्या पावडरी अजिबात नको. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर जबाबदारी मुलीचीच धरली जाते, 'मला ठाऊक नव्हतं' चालत नाही.

अकादमीचं उत्तर परिस्थितीवर आहे. हिमालाही प्रशिक्षक निपोन दास यांनी धिंगहून सुमारे १४० किलोमीटर लांब गुवाहाटीला नेलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि घरचे आधी तयार नव्हते. म्हणजे घर सोडणं चूक नाही. पण जाण्याआधी तुम्ही आणि तिची आई दोघं दोन दिवस तिथे राहून बघा. एका प्रशिक्षकामागे किती मुली आहेत? मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई माणूस असतं का? दुखापत झाली तर कोण बघतं? मुलीला घरी फोन कधीही करता येतो का? गेल्या दोन वर्षांत किती मुली सोडून गेल्या आणि का, हे तिथल्या मुलींनाच विचारा. या उत्तरांनी समाधान झालं तर पाठवा, नाहीतर बारावीपर्यंत घरी ठेवा. घरचं जेवण आणि घरची झोप मिळणारी मुलगी आठवड्यात पाच दिवस गावच्या मैदानावर सराव करून आणि सुटीत शिबिराला जाऊनही पुढे येते. कॉलेज मात्र सोडवू नका. मांडीचा एक स्नायू फाटला की सगळं थांबतं, आणि तेव्हा हातात काहीतरी असावं लागतं.

वेळेची घाई तर मुळीच नको. ज्युनिअर वर्ल्डला वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १६ ते १९ धरतात. २००९ चा जन्म म्हणजे २०२८ हे वर्ष संपेपर्यंत ती ज्युनिअरच आहे. २०२६ ची स्पर्धा अमेरिकेत युजीनला आहे, ती तिच्यासाठी लवकर होईल. निवड राष्ट्रीय २० वर्षांखालच्या स्पर्धेतून होते आणि पात्रतेचं टायमिंग भारतीय ॲथलेटिक्स महासंघ वेळोवेळी जाहीर करतो, ते त्या त्या वर्षी बघा. कोणी जन्मदाखला 'दुरुस्त' करून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतात, आणि न पकडली गेली तरी ती दुसऱ्या कोणाच्या लेकीची जागा असते.

ज्युनिअर वर्ल्ड हुकलं तर? ब्रियाना विल्यम्स सोळाव्या वर्षी जिंकली आणि तीन वर्षांनी टोकियोत जमैकाच्या सुवर्ण मिळवणाऱ्या रिलेत धावली. कालीची विजेती टीना क्लेटन २०२५ च्या जागतिक स्पर्धेत शंभरला दुसरी आली, १०.७६. तर असंही होतं. पण जमैकाचीच एलेन थॉम्पसन-हेरा शाळेत असताना चँप्समध्ये कधी पहिली आली नाही, शंभरला बारा सेकंदांच्या आसपास होती. पुढे तिनं रिओ आणि टोकियो, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये शंभर आणि दोनशे जिंकले. आपल्या मुंबईची ऐश्वर्या मिश्रा २०२३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत चारशेचं कांस्य घेऊन आली तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती. म्हणून सोळाव्या वर्षी मी मुलीला विचारते ते एवढंच: उद्या स्पर्धा नसली तरी मैदानावर येशील का? तुम्हीही विचारा, पण उत्तर तिला देऊ द्या.

सध्या तीन कामं करा. हिमोग्लोबिन-फेरिटिनची तपासणी करून घ्या. पुढच्या रविवारी, आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती देऊन, तिला एकदाच तीनशे मीटर पळवा आणि दोन वेगवेगळ्या माणसांना टायमिंग घ्यायला सांगा. आणि त्यातले शेवटचे शंभर मीटर मोबाईलवर बाजूनं शूट करा, समोरून नको. तिन्ही मला इथेच पाठवा. तीनशेला ती ४२ च्या आत आली तर चारशेचं वेळापत्रक मी लिहून देते. आली नाही तर हिवाळा दोनशेवरच काढू, घाई काही नाही.